मीठ चवीनुसार

"मीठ चवीनुसार" असं ज्या बाईनं पहिल्यांदा छापलं, ती मला एकदा भेटायला हवी होती. मी तिला बसायला पाट दिला असता, गूळपाणी दिलं असतं आणि मग विचारलं असतं, की बाई गं, कोणाच्या चवीनुसार? तुझ्या, माझ्या, का आमच्या ह्यांच्या? आमच्या ह्यांच्या म्हणशील तर मीठ घातलं काय आणि नाही घातलं काय, ताटावरून उत्तर एकच येतं. "बरंय."

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा पिठलं केलं होतं. "बरंय." पुरणपोळी केली, "बरंय." एकदा कढी नासली होती. मी तोंडात घालून थू केली, तोवर हे वाटी संपवून उठले होते. विचारलं तर म्हणाले, "बरी होती की." उभ्या जन्मात या माणसानं जेवताना मीठ मागितलेलं नाही. लोक म्हणतात, उमाबाई, काय नशीब काढलंत! लोकांचं काय जातंय म्हणायला.

मला स्वयंपाकाची पुस्तकं वाचायचा नाद आहे. करायचा नव्हे, वाचायचा. दुपारी ओटा आवरला की बायका कादंबरी घेऊन आडव्या होतात, मी मुरंब्याचं प्रकरण घेऊन होते. त्यातही मला एकाच जातीची पुस्तकं लागतात. घरच्या बागेत पिकवलेलं, ज्या त्या ऋतूतलं, आणि उरेल ते वाळवून, खारवून, मुरवून वर्षभर पुरवायचं. माझ्या सासूबाई हे सगळं रोजच करायच्या, पण त्याला पुस्तक लागतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची मापंही पोलीस ॲक्शनच्या आधीची. "निजामाच्या शेरानं घे" म्हणायच्या, आणि तो शेर घरात नव्हता.

औरंगाबादच्या गुलमंडीवर जावं, औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसकण मारावी आणि पिशवी भरून आणावी, असं माझं वर्षानुवर्षं चाललेलं. आणि आणलेल्या प्रत्येक पुस्तकानं माझं डोकं फिरवलेलं. पुण्याच्या एक बाई लिहितात, विहिरीच्या कडेला अळू लावावे. कुठली विहीर? आमचं घर सिडकोत. पुढच्या अंगणात तुळस आणि स्कूटर मावते, त्या पण एकमेकींना खेटून. आमचे हे जन्मभर पाटबंधारे खात्यात होते. जायकवाडीचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, ते कागद ह्यांच्या टेबलावरून जायचे. घरी नळ चार दिवसांआड. तांदळाच्या धुवणावर मी गच्चीत आंबटचुका, मेथी आणि एक दोडका जगवला, त्या धुवणाला त्या बाईंच्या पुस्तकात 'टाकाऊ पाणी' असा शब्द आहे. टाकाऊ म्हणे! कोकणातल्या पुस्तकात पानापानावर ओला नारळ. आमच्याकडं नारळ फुटतो तो देवापुढं आणि वाट्याला येतो तो नखाएवढा. एका इंग्रजी पुस्तकात तर बाई बर्फात उभी राहून जॅमच्या बाटल्या भरत होती.

मी पेन्सिल घेऊन वाचते. समासात लिहीत जाते. 'खोटं.' 'बुरशी येईल.' 'मे महिन्यात हिच्या घरी कोथिंबीर कुठून आली?' 'हिनं हे जन्मात केलेलं नाही.' आणि जिथं जिथं मीठ चवीनुसार असेल तिथं मी काहीच लिहीत नाही, नुसती रेघ ओढते, कागद फाटेपर्यंत.

माझ्या बहिणीची मुलगी पद्मजा हिचं औरंगपुऱ्यात छोटं प्रकाशन आहे. दहावीच्या गाईडांवर पोट भरते आणि हौसेनं बाकीची पुस्तकं काढते. तिनं एकदा माझ्याकडचं लोणच्याचं पुस्तक नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दारात स्कूटी लावता लावताच ओरडली, "मावशी, पुस्तक राहू दे, आपण तुझा समासच छापू."

असं ते ठरलं. इथलं, इथल्या पाण्यावरचं, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्या-महिन्यानं लिहायचं. मी दोन अटी घातल्या. 'चवीनुसार' हा शब्द पुस्तकात कुठं येणार नाही, मीठ मोजून लिहायचं. आणि मी स्वतः चाखलं नाही ते छापायचं नाही. पद्मजा म्हणाली, "यात काय अवघड आहे?" तिला गयेचं माहीत नव्हतं.

कुरडया झाल्या, बाजरीच्या खारवड्या झाल्या, कैरी झाली, श्रावणातल्या पालेभाज्या झाल्या, भाद्रपदातलं वाळूक झालं. मी करत गेले, चाखत गेले, लिहीत गेले. कार्तिक संपला. पुढं मार्गशीर्ष आला आणि मार्गशीर्ष म्हणजे वांगं. चार महिने वांगं वर्ज्य असतं, मग चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि तिथून संक्रांत सरेपर्यंत घराघरात तेच. भरीत, भरली वांगी, वांग्याचं लोणचं, उन्हाळ्यासाठी वाळवलेल्या फोडी.

आणि मी वांगं सोडलेलं.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही काशी-गयेला गेलो होतो. गयेला अक्षयवटाखाली पिंडदान झालं की आवडीची एक वस्तू सोडायची असते. गेलेल्या माणसाच्या नावानं, जन्मभरासाठी. सगळं जग तिथं हुशारी करतं. कोणी कारलं सोडतं. कोणी पेरू सोडतं, कारण दात राहिलेले नसतात. आमच्या शेजारी गंगापूरचे एक आप्पासाहेब बसले होते, त्यांनी शेपू सोडला आणि बायकोकडं बघून हसले. आमच्या ह्यांनी फणस सोडला. औरंगाबादला फणस! तो मिळत नाही, मिळाला तर चिरता येत नाही, आणि चिरला तर ह्यांना वास सहन होत नाही. सख्ख्या आईसाठी या माणसानं फणस सोडला, आणि पंड्यानंही मान डोलावून पळीभर पाणी दिलं.

मी वांगं सोडलं. मला वांगं किती आवडायचं, तर मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आईनं वांगी लपवून ठेवली होती, मुलगी चहा द्यायचा सोडून भाजीच्या पातेल्यापाशी बसेल म्हणून. भरीत मला सासूबाईंनी शिकवलं. त्या चुलीत वाकून निखाऱ्यावर वांगं फिरवायच्या आणि त्यांचा पदर पेटू नये म्हणून मी तो मागून धरून बसायचे. त्यांच्या नावानं सोडायचं तर तेच सोडायला हवं होतं. दुसरं काही सोडलं असतं तर त्यांना वर कळलंच असतं. त्या दिवशी मी खूप रडले. सासूसाठी रडले का वांग्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून दर थंडीत मी भरीत करते ते ह्यांच्यासाठी. नैवेद्याचं चाखायचं नसतंच, त्यामुळे हाताला सवय आहे. ह्यांना ते आवडतं हे मला ठाऊक आहे. रात्रीचं उरलेलं गार भरीत हे सकाळी चहाच्या आधी उभ्यानं खातात आणि वाटी अशी पुसून ठेवतात की घासायची गरज नाही. थंडीत बाहेरगावच्या लग्नाला निघत नाहीत, कारण तिथं भरीत नसतं. पण आवडतं हे वेगळं आणि चव कशी झाली हे वेगळं. आवडतं ते मला दिसत होतं. चव विचारली की "बरंय."

पद्मजाला गयेचं सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. "मराठवाड्याचं पुस्तक आणि त्यात वांगं नाही? मावशी, लोक पुस्तक अंगावर फेकतील."

"सोडलंय म्हणजे सोडलंय."

"एक घास खा. कोण बघतंय?"

"सासूबाई," मी म्हणाले. ती लगेच कागद आवरायला लागली, कारण तिनं सासूबाईंना पाहिलेलं होतं.

मग दुसऱ्याची जीभ उसनी घ्यायची ठरली. शेजारी मनकर्णाबाई राहतात, मूळच्या बिडकीनच्या. शेती अजून तिकडं आहे आणि वांगीही त्यांच्याच मळ्यातली. त्यांना वाटीभर भरीत दिलं.

"लई झ्याक झालंय, वहिनी!"

"मीठ कसंय?"

"लई झ्याक."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम मिरची न घालता दिलं. "ह्ये बी लई झ्याक!"

"कालच्यापेक्षा?"

"दोन्ही बी झ्याक. पोरांना डबा देता का भरून?"

मी डबा भरून दिला. माणूस सोन्यासारखं, पण चाखायला उपयोगाचं नाही.

आता राहिले हे. मी भरीत कधी कमी मिठाचं केलं, कधी जास्त मिठाचं, कधी दाण्याचा कूट घालून, कधी नुसत्या कांद्याच्या पातीवर. पद्मजा कागद घेऊन समोर बसायची. हे जेवायचे. "बरंय."

"काका, बरंय म्हणजे नक्की कसं?" पद्मजा म्हणायची. "कमी, जास्त, का बेताचं?"

ह्यांनी बराच विचार केला. खात्यात होते तेव्हा फाईलवर शेरा मारायच्या आधी करत असतील तसा. "मागच्यासारखंच," म्हणाले.

मग हे जेवताना पाणी किती पितात त्यावर मी लक्ष ठेवायला लागले. जास्त प्यायले म्हणजे मीठ जास्त. पण पाणी मिरचीनंही लागतं, आणि ब्लडप्रेशरच्या गोळीलाही लागतं. माझी विद्या तिथंच बसली.

शेवटी एका दुपारी मी मुद्दाम भरतात मीठच घातलं नाही. कणभर नाही. हे जेवले, बोटं चाटली, म्हणाले, "बरंय."

माझं टाळकं सटकलं. "बरंय? अहो, मीठ नाहीये त्यात!"

"हो."

"हो काय? कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

हे हात धुवायला उठले. मोरीपाशी उभे राहून म्हणाले, "तू केलं होतंस."

एखादी विरघळली असती. मी नाही विरघळले. "मोठे उपकार झाले!" मी म्हणाले. "इतकी वर्षं भिंतीला वाढलं असतं तरी चाललं असतं. तुमच्या आईसाठी मी आवडीची वस्तू सोडली. तुम्ही काय सोडलंत? फणस! आणि आता तुमची जीभ तेवढी मागतेय, तर ती पण तुमच्याच्यानं देववत नाही." यावर ह्यांनी बरंयसुद्धा म्हटलं नाही.

संध्याकाळी पद्मजा आली. छपाईचा कागद येऊन पडला होता, संक्रांतीनंतर छापायला घ्यायचं होतं. इकडं तिकडं बघत म्हणाली, "मावशी, वांग्यापुरतं आपण 'मीठ चवीनुसार' लिहू. एकाच ठिकाणी. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

मी तिच्या हातातले सगळे कागद घेतले आणि पिठाच्या डब्यांमागं ठेवून दिले. म्हणाले, "पुस्तक निघणार नाही. तू गाईडं छाप."

ती गेली तेव्हा तिचे डोळे भरले होते. माझे भरले नाहीत, पण आत काय चाललंय ते मला माहीत होतं. ते पुस्तक सोडलं तर या जगात माझ्या नावावर काय होतं? घर ह्यांच्या नावावर, पेन्शन ह्यांच्या नावावर. माझी एवढ्या वर्षांची वाळवणं खाऊन संपलेली. मला त्या पुस्तकावर माझं नाव बघायचं होतं. फार बघायचं होतं.

भोगी तोंडावर आली होती. एका सकाळी हे कापडी पिशवी घेऊन निघाले. मनकर्णाबाईंनी गेटातून विचारलं म्हणून मला कळलं, की पैठणला चाललेत. जुन्या ऑफिसात पेन्शनचं काही असेल असं मी धरलं. आमचं बोलणं बंद होतं. म्हणजे माझं बंद होतं, ह्यांचं बंद आहे का चालू ते कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजून वाळलेली, वर चिखलाची रेघ. पिशवी ओट्यावर ठेवली. आत काळी, टपोरी भरताची वांगी.

"भरीत कर," म्हणाले.

"मी नाही करणार तुमच्यासाठी आता भरीत."

"माझ्यासाठी नको. तुला."

मी वळून बघितलं. हे खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले. ह्यांना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते, म्हणून मधे तोंड घातलं नाही.

"नागघाटावर दत्तोपंत गुरुजी म्हणून आहेत. म्हातारे आहेत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, फणस तुमच्या आवडीचा होता का? म्हटलं, नाही. तुमच्याकडं पिकतो का? म्हटलं, नाही. मग सोडलंत काय तुम्ही? म्हटलं, काही नाही." हे थांबले. "म्हणाले, आईचं मुलानं सोडायचं असतं. इथं सून सोडून बसली आणि मुलगा मोकळा फिरतोय. उलटं झालंय. मुलानं आता खरं आवडीचं सोडलं, तर सुनेचं तिला परत."

"शास्त्रात आहे असं?"

"मी पण तेच विचारलं."

"मग?"

"म्हणाले, शास्त्रात फणस पण नाही."

मी ओट्याला टेकले. पिशवीतली वांगी समोर दिसत होती, तरी विचारलं. "मग काय सोडलंत?"

"वांगं."

"नुसतं तोंडानं?"

"गोदावरीत उभा राहून. गुरुजींनी संकल्प सांगितला." आणि पँटीवरची रेघ मला दिसावी म्हणून पाय थोडा पुढं केला.

"अहो, काय केलंत हे! परवा भोगी आहे. भोगीच्या भाजीत वांगं असतं."

"तू खा. मी भाकरी खाईन."

"अर्धी थंडी जायचीय अजून."

"जाईल."

"पुढच्या वर्षी पण थंडी येणारे हो!"

"माहितीये," हे म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

मी गॅस पेटवला. वांग्याला तेलाचं बोट लावलं आणि जाळीवर ठेवलं. साल तडतडली, करपली, तो वास घरभर झाला. बाहेरच्या खोलीत पेपरचं पान काही उलटत नव्हतं. साल काढली, गर ठेचला, हिरवी मिरची, लसूण, दाण्याचा कूट, पात. मीठ चमच्यानं मोजून घेतलं आणि माप लक्षात ठेवलं. देवापुढं नैवेद्य दाखवला. मग सासूबाईंच्या फोटोकडं बघितलं. त्या नेहमीसारख्या फोटोग्राफरवर चिडलेल्या दिसत होत्या. माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं.

पानं घेतली. सवयीनं ह्यांच्या ताटातही भरताची वाटी ठेवली गेली. ह्यांनी ती तिकडं न बघता एका बोटानं माझ्या ताटाकडं सरकवली आणि वरण-भाकरी कुस्करायला घेतली. उद्या सकाळी हा माणूस स्वयंपाकघरात येईल, उभा राहील आणि नुसता चहा मागेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

बाजूला कागद-पेन्सिल तयार होती. मी घास घेतला.

तोच धूर. तीच पातीची चरचर. चुलीपुढं वाकलेली सासूबाईंची पाठ, माझ्या मुठीतला त्यांचा पदर. घास गिळवेना, आणि तो संपूही नये असं वाटत होतं. डोळ्यांना धार लागली. मिरची काही तेवढी तिखट नव्हती.

"कसं झालंय?" हे म्हणाले.

आख्ख्या संसारात हे मला पहिल्यांदा विचारत होते. आणि उगीच विचारायचं म्हणून विचारत नव्हते. ह्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण ती चव कळायला आता माझ्याशिवाय ह्यांच्याकडं कोणी नव्हतं. हातातली भाकरी तशीच धरून हे माझ्या तोंडाकडं बघत बसले होते.

माझ्याकडं शब्दांना काय तोटा? कपाटभर पुस्तकं आहेत माझ्याकडं. खमंग आहे, खरपूस आहे, चटकदार आहे, रुचकर आहे. मी तोंड उघडलं. एक शब्द पुढं येईना.

"बरंय," मी म्हणाले.

ह्यांनी मान हलवली. सगळं कळलं अशी. मग भाकरीचा घास वरणात बुडवून तोंडात घातला आणि चावता चावता थांबले.

"वरणात मीठ कमी आहे," म्हणाले.

मी आधी पेन्सिल उचलून भरताच्या मिठाचं माप लिहून टाकलं. मग उठले आणि ह्यांना मीठ वाढलं.